रोटर, झाकण आणि मधली फट: रक्तपंपाच्या रिगच्या नोंदी

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार

भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून कॉलेजच्या पोरांना आजचाच दिवस दिला. यंत्रं मोकळी, फोन कमी. बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि त्यांचे सर आले होते. काम असं: रक्त ढकलणारा छोटा सेंट्रिफ्यूगल पंप करायचा, त्यात फिरणारा रोटर आणि वरचं झाकण यांच्यातली फट बदलता आली पाहिजे, आणि फट बदलली की तांबड्या पेशी किती फुटतात ते मोजायचं. माणसाला लावायचा पंप नाही, टेबलावरची चाचणी-रिग. हे सरांनी दोनदा बजावलं ते बरं केलं, नाहीतर आमची मंडळी गावभर सांगत सुटली असती की शेठ आता हार्ट बनवायला लागले.

माझा धंदा प्रेस टूलचा, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांचा. पत्रा कापताना आम्हाला शिअर (एक थर दुसऱ्यावरून सरकवणारा जोर) हवाच असतो, आणि तो जितक्या अरुंद पट्ट्यात एकवटेल तितकी कड स्वच्छ. इथे मामला उलटा. रक्तात शिअर होणारच, पण तो कुठे एकवटता कामा नये. दोन्हीकडे लगाम मात्र एकाच गोष्टीच्या हातात: दोन पृष्ठभागांमधलं अंतर.

फळ्यावर हिशेब मांडला. रोटर ४० मिमी, मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ६.२८ मीटर. समोरचं झाकण स्थिर. रोटरला चिकटलेला रक्ताचा थर त्याच्या वेगाने पळतो, झाकणाला चिकटलेला जागेवर असतो. वेगातला हा फरक भागिले फट म्हणजे शिअर रेट. फट ०.५ मिमी ठेवली तर सेकंदाला सुमारे १२,५००, ०.१ मिमी ठेवली तर ६३,०००. जोरात वाहणाऱ्या रक्ताची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ३.५ मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास. गुणाकार केला की मोठ्या फटीत ताण येतो ४४ पास्कल आणि लहान फटीत २२०.

सरांनी या दोन आकड्यांच्या मधोमध लाल खडूने रेघ मारली: १५० पास्कल. लेव्हरेट आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की ताण मिनिट-दोन मिनिटं टिकणारा असेल तर साधारण या पातळीच्या वर तांबड्या पेशी नुसत्या घासटीने फुटायला लागतात. शरीरात धमनीच्या भिंतीला एरवी १ ते ७ पास्कल ताण जाणवतो, शिरेत त्याहूनही कमी. म्हणजे आमची मोठी फटसुद्धा धमनीच्या कितीतरी पुढे आहे, फक्त रेघेच्या आत.

"पण काका, रक्त त्या फटीत मिनिटभर थोडंच थांबतं?" एका मुलीने विचारलं. रास्त प्रश्न. फटीतून जायला काही मिलिसेकंद लागतात. त्याचं उत्तर सरांकडे होतं: जर्मनीतल्या आखनच्या गिअर्सिपेन आणि मंडळींचं १९९० चं सूत्र. त्यात फुटलेल्या पेशींचं प्रमाण वेळेच्या ०.७८५ व्या घातावर आणि ताणाच्या २.४१६ व्या घातावर चढतं. वेळ पाचपट झाली तर नुकसान साडेतीनपट. ताण पाचपट झाला तर ४९ पट! हा आकडा ऐकून मी काम घेतलं. क्लिअरन्सवर, म्हणजे फटीवरच, ज्याने पंचवीस वर्षं पोट भरलं, त्याने हे सोडायचं कसं?

२२ ऑगस्ट

रोटरची रचना ठरली. खाली एक तबकडी, वर मधोमध भोक असलेली दुसरी तबकडी, दोन्हींमध्ये सहा वळणदार पाती. रक्त वरच्या भोकातून आत येणार आणि कडेने बाहेर फेकलं जाणार. वरच्या तबकडीच्या डोक्यावर अ‍ॅक्रिलिकचं झाकण. झाकणाखाली शिम (ठरावीक जाडीची पातळ चकती) टाकून फट कमीजास्त करायची. फट उभ्या दिशेत घेतल्याचा फायदा असा की लेथवर दरवेळी नवं बोअर काढावं लागत नाही, चार अ‍ॅलन बोल्ट सोडले की काम झालं. शिवाय अ‍ॅक्रिलिक गरम झाल्यावर चांगलंच फुगतं. खोलीच्या तापमानावरून ३७ अंशांवर नेलं तर ४२ मिमीच्या बोअरमध्ये तीन-साडेतीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. आडव्या फटीत तो आम्हाला महागात गेला असता.

तबकड्यांसाठी पत्रा एसएस ३०४, १ मिमी. आमच्याकडे एका जुन्या गिऱ्हाइकाचा ४० मिमी बाहेर, १६ मिमी आत अशा वॉशरचा प्रोग्रेसिव्ह टूल (पट्टी पुढे सरकवत टप्प्याटप्प्याने कापणारा साचा) पडून होता. गिऱ्हाईक गेलं, टूल राहिला. फोरमन म्हणाला, चार तुकड्यांसाठी लेझरवाल्याकडे कशाला जाता, हाच लावू.

पोरांना प्रेसजवळ उभं करून दाखवलं. बाहेरची कड साडेबारा सेंटीमीटर, आतली पाच; गुणिले जाडी, गुणिले या स्टीलची शिअर स्ट्रेंथ सुमारे ५०० मेगापास्कल. मिळून ९ टनांच्या आसपास. म्हणून १० टनी नव्हे, २० टनी प्रेस घेतला. पंच (वरून ठोकणारा भाग) आणि डाय (खालचा, भोक असलेला भाग) यांच्यात दर बाजूला ०.०८ ते ०.१ मिमी क्लिअरन्स, म्हणजे जाडीच्या आठ ते दहा टक्के. क्लिअरन्स कमी पडला तर टूल लवकर झिजतो, फार झाला तर पत्रा कापला न जाता आधी वाकतो आणि मग फाटतो.

कापलेल्या तुकड्याची कड भिंगाखाली बघण्यासारखी असते. वरून खाली चार मजले: आधी पत्रा दबून आलेली गोलाई, मग पंच घासून गेलेला चकचकीत पट्टा, मग धातू सहन न होऊन तुटला तो खरबरीत मळका भाग, आणि तळाशी उभी राहिलेली बर, म्हणजे धातूची धारदार कोर. चकचकीत पट्टा म्हणजे धातू वाहिला ती जागा, खरबरीत म्हणजे चीर पळाली ती जागा. घन धातूही पुरेशा दाबाखाली वाहतो हे फ्रान्सच्या हेन्री ट्रेस्काने १८६४ मध्ये असेच पंचाचे प्रयोग करून मांडलं. पोरांना ट्रेस्का परीक्षेपुरता ठाऊक होता, पंचापाशी तो पहिल्यांदाच भेटला.

टर्नरमामांनी तबकड्या फेस करून घेतल्या, पाती मुलांनी चिकटवली. फिरवून डायल (हेलकावा मोजायचं घड्याळ) लावला तर कडेला तीन शतांश मिलिमीटर आउट. ०.१ मिमीच्या फटीत तीन शतांश म्हणजे थट्टा. मामांनी मँड्रेलवर पुन्हा धरून एक शतांशाच्या आत आणला.

५ सप्टेंबर

रक्ताआधी ग्लिसरीन. वजनाने ४० टक्के ग्लिसरीन आणि बाकी पाणी घेतलं की खोलीच्या तापमानाला व्हिस्कॉसिटी रक्ताच्या जवळपास येते. मोटर खाली, चुंबकी कपलिंगने रोटर फिरतो, त्यामुळे शाफ्टला सील नाही. सील असता तर अर्धा प्रकल्प त्याच्यातच गेला असता.

लक्ष्य: मिनिटाला ५ लिटर प्रवाह, १०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब. ०.१ मिमी शिमवर ३००० फेऱ्यांना हे जमलं. शिम बदलून ०.५ केल्यावर दाब पडला. कारण उघड आहे. रोटरने बाहेर फेकलेलं द्रव डोक्यावरच्या फटीतून परत मधल्या भोकाकडे गळतं. फट वाढवली की गळती वाढते. दाब परत मिळवायला फेरे ३३०० वर न्यावे लागले, म्हणजे कडेचा वेग वाढला आणि ४४ पास्कलचे ४८ झाले. फरक फार नाही, पण दिशा कळली. फट वाढवणं फुकट नसतं.

एक गोष्ट सरांना पटवायला वेळ लागला. त्यांची मुलं संगणकावर पूर्ण पंपाचा सरासरी ताण काढत होती आणि तो खूपच कमी, गोजिरवाणा येत होता. मी म्हटलं, सर, पत्र्याचा सरासरी ताण काढला तर माझा प्रेस कधीच काही कापणार नाही. तुकडा तुटतो तो एक दशांश मिलिमीटरच्या पट्ट्यात. अख्ख्या पंपात रक्त कुठे सगळ्यात जास्त चेमटतं ती जागा शोधा, बाकीचा पंप सोडून द्या.

आता गणपती. रिग कापडात गुंडाळून ठेवली.

१९ सप्टेंबर

पहिलं रक्त. यासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो.

मुलांचा पहिला विचार बोकडाच्या रक्ताचा होता, सहज मिळतं म्हणून. पशुवैद्यक डॉक्टरांनी मोडता घातला. शेळी-बोकडाच्या तांबड्या पेशी फारच लहान, व्यास सव्वातीन मायक्रॉनच्या आसपास. माणसाची पेशी सात-आठ मायक्रॉन. शिवाय शेळीची पेशी खारटपणातल्या फरकाला चटकन फुटते. त्यावरून माणसाबद्दल काय बोलणार? म्हशीच्या पेशीही माणसाहून लहानच, पण शेळीइतक्या नाहीत. परवान्याच्या कत्तलखान्यातून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या पिशव्यांत रक्त आलं. गाळून, थंड ठेवून, दुसऱ्या दिवशी वापरलं.

पद्धत एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ१८४१ या मानकाची: ४५० मिली रक्त, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ३० टक्क्यांवर आणलेलं, ३७ अंश, मिनिटाला ५ लिटर, सहा तास. गुणाकार करून बघितला तर सहा तासांत १८०० लिटर, म्हणजे तेच रक्त पंपातून ४००० वेळा जातं. एका फेरीत काहीही न दिसणारं नुकसान चार हजार फेऱ्यांत दिसायला लागतं, यासाठीच ही कसरत. शेवटी जो आकडा काढायचा त्याचा अर्थ साधा आहे: १०० लिटर रक्त पंपातून गेल्यावर पेशी फुटून किती ग्रॅम हिमोग्लोबिन प्लाझ्मात (पेशींभोवतीच्या द्रवात) सांडलं. चांगल्या पंपांचा हा आकडा ०.०१ च्या खाली असतो.

रक्ताची टाकी उघडी ठेवायची नाही, पिशवीच हवी. फेस झाला की हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही पेशी फुटतात आणि मग कोणाचं पाप कोणाच्या माथी ते कळत नाही. शेजारी एक पिशवी नुसतीच ३७ अंशांवर ठेवली, पंपाशिवाय. आपोआप किती फुटतं ते तिच्यावरून काढून पंपाच्या आकड्यातून वजा करायचं. दाब आणण्यासाठी नळी दाबायचा क्लॅम्पही एकाच जागी चिमटा घेणारा नको. लांब पट्टीने नळी हळूहळू चपटी करणारा मामांनी बनवून दिला.

दर तासाला नमुना, सेंट्रिफ्यूज, वरचा प्लाझ्मा स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रात, ४१५ नॅनोमीटरला. पण यंत्राआधी डोळेच सांगतात. चांगला प्लाझ्मा गवती चहासारखा पिवळसर असतो.

०.१ च्या फटीचा प्लाझ्मा दुसऱ्या तासालाच गुलाबी. ठीक, तेच अपेक्षित होतं. नंतर ०.५ ची पाळी. तोही गुलाबी! थोडा फिका असेल, पण गुलाबीच. आणि पंप न लावलेल्या पिशवीतला नमुनाही पिवळा म्हणावा असा नव्हता.

मुलांचे चेहरे उतरले. मला उलट बरं वाटलं. जी पिशवी हललीसुद्धा नाही तिच्यातल्या पेशी फुटत असतील तर चोर पंपाबाहेर आहे, आणि तो सापडणं सोपं.

२१ सप्टेंबर

चोर नंबर एक: सुई. नमुने काढायला मुलं २४ गेजची सुई वापरत होती, पोर्ट खराब होऊ नये म्हणून. तिचं आतलं भोक सुमारे ०.३१ मिमी. २ मिली रक्त १० सेकंदांत ओढलं तर सुईच्या भिंतीलगत शिअर रेट ६८,००० च्या आसपास, ताण २४० पास्कल. आमच्या सगळ्यात वाईट फटीपेक्षाही जास्त! तेच रक्त त्याच वेळात १८ गेजच्या सुईने ओढलं तर भोक ०.८४ मिमी आणि ताण १२ पास्कल. भोक पावणेतीनपट मोठं झालं की ताण विसाव्या हिश्श्यावर येतो, कारण व्यासाचा घन भाजकात बसलेला असतो.

पॅथॉलॉजीच्या मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या हसल्याच. "अहो, आमच्याकडे रोजचं आहे हे. बारीक सुई, जोरात ओढलेला पिस्टन, नमुना लाल. पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, कारण पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. नमुना परत मागवावा लागतो, पेशंट वैतागतो."

पुढचे नमुने १८ गेजने आणि सावकाश. पंपाविना पिशवीतला प्लाझ्मा पिवळा आला.

३ ऑक्टोबर

सुई बदलूनही ०.५ च्या फटीचा आकडा जास्तच. रोटर खोलून आज आमच्या शेडमध्ये आणला, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरला.

बाहेरची कड मामांनी एमरीने मारलेली होती, बोट फिरवलं तरी लागत नाही. पण मधल्या १६ मिमीच्या भोकाच्या वरच्या कडेला बर उभी होती. पाच-सहा शतांश उंच, तेही सगळीकडे सारखी नाही, एका बाजूला जास्त. त्या बाजूला टूलची कड झिजलेली असणार.

बाहेरची बर आत आणि आतली बाहेर हे कसं, यावर पोरं चक्रावली. ज्याने प्रोग्रेसिव्ह टूल चालवलाय त्याला हे ठाऊक असतं. पट्टी आधी पहिल्या स्टेशनवर येते, पंच भोक पाडतो. भोकाची बर डायच्या बाजूला, म्हणजे पट्टीच्या खाली येते. पुढच्या स्टेशनवर पंच पूर्ण तबकडी खाली ढकलतो. इथे जो तुकडा खाली जातो त्याची बर पंचाच्या बाजूला, म्हणजे वर. म्हणून अशा वॉशरच्या दोन बर नेहमी विरुद्ध तोंडांवर. तबकडी कशीही पालथी घातली तरी एक बर बाहेर राहणारच. कंपाउंड टूलमध्ये भोक आणि बाहेरची कड एकाच ठोक्यात होतात, तिथे दोन्ही बर एकाच तोंडाला असतात, आणि ते तोंड पात्यांच्या बाजूला वळवलं की झालं. आमच्या मंडळींनी बाहेरची मोठी बर बघून ती बाजू पात्यांकडे वळवली होती, ते बरोबरच होतं. आतली आपसूक वर आली.

जागाही नेमकी वाईट. फटीतून गळून परत येणारं रक्त आणि वरून नव्याने येणारं रक्त याच कडेशी एकत्र येतात, आणि सगळं नव्वद अंशांत वळून पात्यांत शिरतं. तिथे वेग कडेपेक्षा कमी, सेकंदाला अडीच मीटर, पण धारदार कुंपणावरून वळताना प्रवाह तुटतो, भोवरे होतात. त्या कोपऱ्यात खरा ताण किती होता हे माझ्या फळ्यावरच्या साध्या भागाकारातून निघत नाही. ०.१ च्या शिमवर तर पाच-सहा शतांशांची बर निम्म्याहून जास्त फट खाऊन बसली होती.

वरची तबकडी काढून भोकाची कड आत-बाहेर ०.३ मिमीने गोल केली, मग बारीक एमरी, मग बफ. पात्यांची पुढची टोकंही गोल केली, ती तासलेल्या पेन्सिलीसारखी होती. मामांनी सगळं झाल्यावर नखाने तपासलं. मायक्रोस्कोपवर त्यांचा फारसा विश्वास नाही.

१७ ऑक्टोबर

दसऱ्याला शेडमधल्या यंत्रांबरोबर या रिगलाही हळदकुंकू आणि झेंडू मिळाला.

नवं रक्त, नवी सुई, गोल कडा. ०.५ च्या फटीत सहाव्या तासाचा प्लाझ्मा पिवळाच, जेमतेम तांबूस झाक. ०.१ च्या फटीत चौथ्या तासाला स्पष्ट लाल. आता कुठे फट बोलायला लागली. मधला ०.३ चा शिमही लावला. हिशेबाने तिथे ७३ पास्कल. त्याचा प्लाझ्मा ०.५ च्याच बाजूचा निघाला.

पण कागदावरचे ४९ पट कुठे आहेत? कुठेच नाहीत. दोन टोकांत फरक मोठा आहे, पण दहापटही नाही. यावर सरांशी बराच वाद झाला. माझं मत असं: ते सूत्र ज्या प्रयोगांवरून निघालं त्यात दोन सिलिंडरांमधल्या फटीत सगळं रक्त एकसारख्या ताणाखाली होतं, ७ ते ७०० मिलिसेकंद, २५५ पास्कलपर्यंत. आमच्या पंपात सगळं रक्त फटीतून जातच नाही. फट अरुंद केली की गळती घटते, म्हणजे छळ तीव्र होतो पण छळल्या जाणाऱ्या पेशी कमी होतात. मोठ्या फटीत छळ सौम्य, पण गळतीतून फिरणारं रक्त जास्त. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. शिवाय पाती, वळणं, नळीचे जोड यांची पट्टी दोन्ही मोजणीत सारखीच जमा होते. सरांना संगणकात फटीतली गळती वेगळी मोजायची आहे. मोजा म्हटलं.

हार्टमेट ३ या माणसाच्या हृदयाला लावायच्या पंपात रोटर चुंबकाने अधांतरी तरंगतो आणि भोवतालची फट अर्ध्या मिलिमीटरच्या घरात किंवा जास्त असते, हे मुलीने वाचून सांगितलं. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधीचे काही पंप मायक्रॉनमधल्या फटीवर चालायचे. आमच्या शिमचा निकाल त्याच दिशेला बोट दाखवतो, इतकंच समाधान.

२४ ऑक्टोबर

पॅथॉलॉजीच्या मॅडमना निकाल दाखवायला गेलो. पिवळा प्लाझ्मा बघून त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फॉन विलेब्रांड फॅक्टर बघितलात का?"

आम्ही गप्प. त्यांनी कागद ओढला.

रक्तात एक लांबलचक प्रथिन असतं. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ज्या आनुवंशिक रक्तस्रावाचं वर्णन केलं त्यावरून त्याचं नाव. एरवी ते गुंडाळी होऊन पडलेलं असतं. धमनीला जखम झाली की तिथे प्रवाहाचा शिअर वाढतो, गुंडाळी उलगडते, काही मायक्रॉन लांब दोरा होतो आणि प्लेटलेट त्याला येऊन चिकटतात. रक्त थांबवण्याची ही सोयच शिअरवर बेतलेली आहे. उलगडायची पातळी साधारण सेकंदाला ५००० शिअर रेट. २००७ मध्ये एका गटाने सूक्ष्म नळीत ते प्रत्यक्ष दाखवलं. आणि उलगडलेल्या दोऱ्याची एक आतली घडी उघडी पडते, तिथे अ‍ॅडॅमटीएस-१३ नावाचं एन्झाइम कात्री चालवतं.

मी मनातल्या मनात भागाकार केला. आमची सगळ्यात सौम्य फट सेकंदाला १२,५००. म्हणजे ज्या फटीत पेशी सुखरूप, तिथेही हा दोरा उलगडतोय आणि प्रत्येक फेरीत कापला जातोय. पेशींची रेघ १५० पास्कलला. या दोऱ्याची, आमच्याच व्हिस्कॉसिटीने काढली तर, १७-१८ पास्कलला. आमच्या फळ्यावर ती दुसरी रेघ काढलेलीच नव्हती.

मॅडमनी मग पेशंटच्या बाजूने सांगितलं. हृदयाला पंप लावलेल्या माणसांत या प्रथिनाचे सगळ्यात लांब दोरे कमी होतात आणि काहींना आतड्यातून रक्त जायला लागतं. मोठ्या फटीच्या नव्या पंपांत नुकसान कमी, पण शून्य नाही. पंप हवाच असं नाही. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या म्हाताऱ्या माणसांत आतड्यातून रक्तस्राव होतो हे एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये एका छोट्या पत्रात लिहिलं होतं. कारण कळायला पुढे अनेक वर्षं गेली: अरुंद झडपेतून रक्त जोरात जातं, तिथे दोरे तुटतात. झडप बदलली की पुष्कळदा रक्तस्रावही थांबतो.

"मग फट दोन मिलिमीटर करू का?" मी विचारलं.

"करा, आणि मग रोटरच्या मागे जिथे रक्त रेंगाळेल तिथे गुठळी शोधा." शिअर फार कमी झाला तर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, रक्त घट्ट होतं, कोपऱ्यात साचतं. मानेच्या धमनीला जिथे फाटा फुटतो तिथेही बाहेरच्या भिंतीलगत प्रवाह मंद असतो आणि चरबीचे थर नेमके तिथेच धरतात.

७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून पहिला गुरुवार. शेजारच्या प्लेटिंगवाल्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) गेलो होतो, वेगळ्याच कामाला. ऑपरेटर पॉली भिजवत होता, म्हणजे सांडपाण्यातला गाळ गोळा करायची पॉलिइलेक्ट्रोलाइटची भुकटी. भलं मोठं पॅडल, पण इतकं सावकाश फिरत होतं की मला वाटलं व्होल्टेज कमी आहे. तो म्हणाला, "शेठ, जोरात ढवळली की पॉली मरते. मग कितीही टाका, गाळ बसत नाही." टाकीतून पुढे नेतानाही सेंट्रिफ्यूगल पंप लावत नाहीत, स्क्रू पंप किंवा डायफ्रॅम पंप. कारण तेच. पॉलिमरची साखळी लांब असते तोवरच ती गाळाचे कण गोळा करते. पंपाच्या पात्यांत आणि फटीत ती तुटते, रसायन तितकंच उरतं पण काम करेनासं होतं.

मॅडमचं प्रथिनही तसंच. प्लाझ्मात त्याचं एकूण प्रमाण मोजलं तर बहुतेक पुरेसं दिसेल. लांब दोरे उरलेत का हे जेलवर, म्हणजे प्रथिनं लांबीप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावर, वेगळं करूनच बघावं लागतं. आमच्या ४१५ नॅनोमीटरच्या यंत्राला यातलं काही दिसणार नाही.

संध्याकाळी सर आणि मुलं आली. ठरलेलं:

शिम ०.३ मिमी कायम. ०.५ ला गळतीमुळे फेरे वाढवावे लागतात आणि पेशींच्या आकड्यात त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, ०.१ तर बादच. ०.३ चं हे उत्तर फक्त या रोटरचं, या फेऱ्यांचं. दुसऱ्या कोणी उचलून वापरू नये.

वरची तबकडी आता प्रेसवर नाही, टर्निंगवर. भोकाची कड ०.५ त्रिज्येने गोल, ड्रॉइंगवर तसं लिहून दिलं, "शार्प एज ब्रेक करा" एवढंच लिहिलं तर प्रत्येक टर्नर आपल्या मनाने करतो. झाकणाला रोटरच्या मधोमध तीन छोटी तिरकी भोकं सुचवली होती, म्हणजे फटीतलं रक्त धुतलं जाईल. सर म्हणतात आधी संगणकात बघू.

रक्ताची पुढची चाचणी डिसेंबरमध्ये. तेव्हा तासातासाचे प्लाझ्माचे नमुने गोठवून मॅडमकडे जेलसाठी जातील. म्हशीच्या फॉन विलेब्रांडला त्यांच्याकडची अँटिबॉडी धरते का ते आधी तपासायचंय, पंप न लावलेल्या रक्तावर. नमुने १८ गेजनेच.

मामांना नवीन टर्निंगचा तुकडा दिलाय. एसएस ३०४ चा ४५ मिमी राउंड बार संपलाय, सोमवारी आणायचा.